मावशीचं ओलं पोतं

झोप येते आहे, येत नाही, येते आहे. मे महिन्यातली नागपूरची दुपार. खिडकीतला कूलर घरघरतो आहे आणि त्याच्या गवताचा ओला वास खोलीभर पसरला आहे. मी पाठीवर पडले आहे, एक हात कपाळावर. संध्याकाळपर्यंत उमाठे सरांना संघ कळवायचा आहे. अकरा मुली ठरल्या. बारावी

ठरत नाही.

उमाठे सर आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आणि मी मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच. बाराव्या जर्सीसाठी दोन नावं आहेत. एक पल्लवी उईके. एकोणीस वर्षांची, पास चांगला देते, बास्केट करायला घाबरते. दुसरी विशाखा मेश्राम. विशाखा कोण हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, तुम्ही बाहेरचे असाल म्हणून सांगते. कितीतरी वर्षं आमचा संघ म्हणजे ती होती. मग ती दक्षिणेतल्या एका कंपनीच्या संघात गेली, आणि तिच्यामागून बाकीच्याही पांगल्या, कुणाचं लग्न, कुणाची बदली. मी शाळाशाळांतून मुली गोळा केल्या. तेव्हापासून आम्ही हरतो आहोत. आता विशाखाचा करार संपला, सदतिसावं लागलं, आणि ती परत यायचं म्हणते.

सर म्हणतात घ्या, पोस्टरवर तिचा फोटो लागला की मैदान भरेल. मुली नुसत्या माझ्याकडे बघतात. मी दमले आहे. हरण्याने नाही. रोज नव्या मुलीला पाय कुठे ठेवायचा हे पहिल्यापासून सांगून दमले आहे. विशाखा आली तर निदान एकीला तरी काही सांगावं लागणार नाही, असं वाटतं, आणि कूलरचा आवाज जाड होत जातो, मैदानावरच्या लोकांसारखा होतो, आणि कुठेतरी पाणी

बादलीत पडतं आहे.

"काऊन वं, झोपली काय?"

नळाखाली बादली आहे. बादलीशी मेश्राम मावशी उकिडवी बसली आहे, विशाखाची आई. पदर कमरेला खोचलेला. मावशी जाऊन दोन हिवाळे झाले. मला ते माहीत आहे, आणि तिलाही माहीत आहे असं तिच्या निवांत बसण्यावरून वाटतं. त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही.

मी म्हणते, झोपले नाही, नुसती पडले आहे.

तसं सगळेच म्हणतात, असं ती म्हणते आणि पोतं बादलीत दाबते. पोत्यातून बुडबुडे येतात.

पोत्याचं सांगायला हवं. आमचं कोर्ट सिमेंटचं. त्यावर बारीक धूळ बसते आणि बूट सटकतात. बाकीचे संघ हाताला थुंकी लावून बुटांचे तळ पुसतात. आमच्याकडे मावशी होती. प्रत्येक मॅचला ती घरून बादली आणि पोतं आणायची, पोतं भिजवून, पिळून कोर्टच्या कडेला पसरायची. आत जाणारी मुलगी त्यावर उभी राहायची, दोन्ही पाय घोळवायची आणि मग जायची. हे मावशीला कुणी सांगितलेलं नव्हतं. एकदा विशाखा घसरली, तेव्हापासून सुरू झालं. आधी एकट्या विशाखासाठी, मग सगळ्यांसाठी. आमच्या जर्सींवरचे आकडेही तिनेच शिवले. खेळ मात्र तिला शेवटपर्यंत कळला नाही. शिट्टी वाजली की आपल्या पोरीवर अन्याय झाला असं ती धरून चालायची, आणि फ्री थ्रोला फुकटचा म्हणायची.

ती उठते. पोतं खांद्यावर, पाणी पाठीवरून ओघळतं आहे. मी तिच्यामागे. न्हाणीचं दार उघडलं की कोर्ट आहे. कोर्टवर माझा पलंग आहे, त्याच्या उशाशी बोर्ड, आणि रिंगमधून कूलरचं वारं येतं आहे. ती पलंगावर बसते आणि मला स्टीलचा डबा देते. जिवंतपणीही निवड जवळ आली की ती माझ्या घरी डबा घेऊन यायची, आत करंज्या, आणि तासभर बसून निवडीचं नावसुद्धा काढायची नाही. मी डबा उघडते. आत काही नाही, पण डबा गरम आहे.

आज ती नाव काढते.

"तिले घे."

मी सांगते, सरांचंही तेच म्हणणं आहे. तिचा अनुभव सांगते, पोस्टरचं सांगते. सांगता सांगता माझ्या लक्षात येतं की मी सरांच्या आवाजात बोलते आहे. सरांची मिशीही माझ्या ओठावर आहे. मी ती हाताने काढते आणि उशीखाली ठेवते.

पुन्हा.

पलंग आता हाडांच्या डॉक्टरकडच्या बाकासारखा लांब झाला आहे. आम्ही दोघी आमच्या नंबराची वाट बघतो आहोत. समोरच्या भिंतीवर पाय नसलेला एक गुडघा टांगला आहे, त्याचं चित्र, चित्र नाही, गुडघाच.

"मावशी, तिला आता पळता येत नाही."

हे वाक्य मी अजून कुणाला बोललेले नाही. सरांना नाही, मुलींना नाही, विशाखाला तर नाहीच. मागच्या आठवड्यात ती सकाळी कोर्टवर आली होती. उभ्या उभ्या तिने जे टाकलं ते आत गेलं. मुली बघत राहिल्या. मग मी दोन बाजू करून खेळायला लावलं. बचावाला परत फिरताना ती मांडीवर हात ठेवून चालत येत होती. तेही मला चाललं असतं. पण पल्लवी तिच्याशेजारून पळत होती, आणि पल्लवीने वेग कमी केला. ताईच्या पुढे कसं जायचं म्हणून. मग दुसरीने कमी केला. थोड्या वेळाने सगळ्या कोर्टवर कुणी पळत नव्हतं. आदराने चालत होत्या माझ्या मुली.

मावशी भिंतीवरच्या गुडघ्याकडे बघते. मग त्याला उठून पदराने पुसते.

"मले काय सांगतेस. त्याले तेल मीच लावत होती."

"मग घे काऊन म्हणता?"

"घे म्हटलं. खेळव कुठं म्हटलं?"

बस सुटते. डॉक्टरचा बाक बसमध्ये आहे. मागच्या सीटांवर माझ्या मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून झोपल्या आहेत, आम्ही कुठूनतरी हरून येतो आहोत. खिडकीबाहेर संत्र्यांचे ढीग आहेत, ढीगच ढीग, रस्ता दिसत नाही. मावशीच्या मांडीवर बारा नंबरची जर्सी आहे. ती आकडा टाचते आहे, आणि टाचता टाचता घरचं सांगते आहे. विशाखा पहाटे उठते, बूट घालून नाड्या बांधते आणि खुर्चीवर बसून राहते, ऊन येईपर्यंत. दोघींचा भात लावते. टीव्ही लावते आणि आवाज बंद ठेवते. हे मला याआधी कुणी सांगितलेलं नाही. मावशीला कसं माहीत, हे मी विचारत नाही.

मी म्हणते, जर्सी एकच उरली आहे. विशाखा ती घालून बाकावर बसली तर पल्लवी घरी जाईल. एकदा वगळलेली मुलगी परत येत नाही, मावशी. घरचे म्हणतात, झालं ना खेळून. मग पाहुणे येऊ लागतात. मी अशा किती पाहिल्या. मागे झोपलेल्या पल्लवीचं नाव निघतं तशी ती झोपेतच सीटवर सरकून कुणालातरी जागा करून देते.

मावशी दोरा दाताने तोडते.

"मले कधी जर्सी होती काय?"

संत्री संपतात. बाहेर नुसतं ऊन.

मला कळतं ती काय म्हणते आहे, आणि मला ते कळायला नको आहे. मी म्हणते, ती देशाकडून खेळलेली आहे, मावशी. तिला मी काय सांगू, बादली भर म्हणून?

"मी का मोलकरीण होती वं?"

रागाने नाही. खरंच विचारते आहे. मी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि

पुन्हा.

बस नाही. कडेची रेषा आहे फक्त, पांढरी, आणि मावशी तिच्यालगत पोतं पसरते आहे. चारी कोपरे हाताने ओढून सारखे करते, घरात पाहुण्यासाठी सतरंजी घालावी तसे. मी अनवाणी आहे.

"ठेव पाय."

मी म्हणते, मी कुठे खेळायला चालले आहे.

ती म्हणते, मग काय झालं. खेळणारीच दमते काय? पोरी आत जात होत्या तेव्हा तू रेषेवर उभी राहायचीस, एवढी वर्षं, आणि एकदाही पोत्यावर पाय ठेवला नाहीस, मी बघत होती. मी म्हणते, मला कुणी बोलावलं नाही. ती म्हणते, बोलावते आता.

मी पाय ठेवते. पाणी गार आहे, इतकं गार की घोट्यापर्यंत कळ जाते आणि मग बरं वाटतं. मुली घोळवतात तसे मी पाय घोळवते. धागे तळव्याला रुततात. "जोरात," असं ती म्हणते, आणि माझ्या दंडाला धरते, पडू नये म्हणून. तिचा हात ओला आहे. कोर्टवर कुणीतरी शिट्टी वाजवतं, मावशी लगेच तिकडे मान वळवते, आता ती भांडणार, मी हसायला लागते, शिट्टी वाजतच राहते, लांब, एकसुरी

फोन.

कूलर बंद आहे. वीज गेली असणार. खोली तापली आहे आणि चादर कोरडी आहे. फोनवर उमाठे सरांचं नाव. मी उठून बसते, उजवा पाय मांडीवर घेते, आणि सरांशी बोलता बोलता माझी नजर तळव्यावर जाते.

तळव्यावर पोत्याची वीण उमटली आहे. टाचेपासून बोटांपर्यंत, उभे आडवे धागे, चौकोनाला चौकोन. घरात पोतं नाही. आमच्याकडे गहूसुद्धा आता प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतो.

सरांना मी पल्लवीचं नाव सांगते. सर पोस्टरचं काढतात, मग विचार करा म्हणतात. मी म्हणते, झाला. ते विशाखाला स्वतः कळवतो म्हणतात, मी नको म्हणते.

विशाखा पहिल्याच रिंगला उचलते.

"ठरलं काय, ताई?"

मी तिला सांगते. वळण घेत नाही. तू आलीस की मुली पळायच्या थांबतात, एवढंच सांगते. पलीकडे टीव्ही लागलेला असेल, आवाज मात्र येत नाही.

"बरं," असं ती म्हणते. ती ठेवणार आहे हे मला कळतं.

"विशाखा, मावशीची बादली आहे का गं?"



"हाय. काऊन? कांदे ठेवते मी तिच्यात."

"रिकामी कर. ऊन उतरलं की कोर्टवर घेऊन ये."

तिने फोन कुठेतरी ठेवल्यासारखं वाटतं, पण बंद होत नाही. आणि मग फरशीवर काहीतरी ओतल्याचा आवाज येतो, एकदम, आणि त्यातलं एकेक गडगडत लांब जातं, भिंतीपर्यंत, पलंगाखाली. मी तळव्यावरून अंगठा फिरवते. वीण अजून हाताला लागते. पाय तसाच धरून मी कांदे थांबायची वाट बघते.