सोनं, तांबं आणि मामा

गिऱ्हाइकाने अंगठी काढून काचेवर ठेवली की मामा ती बोटाने बाजूला सरकवायचे आणि म्हणायचे, "दागिना ऱ्हाऊ द्या. आधी हात दाखवा."

लोक मुकाट हात पुढे करायचे. मामा तो खिडकीच्या उजेडात धरायचे, बोटावरचा काळा पट्टा नखाने खरवडून बघायचे, कधी कधी तर चक्क वास घ्यायचे. मानवतच्या आमच्या सराफी दुकानात ते वडिलांच्या काळापासूनचे कारागीर. मी दुकान हाती घेतलं तेव्हा काचेचे काउंटर आणले, एसी लावला, बोलायला गोड अशा दोन मुली ठेवल्या. मामा मात्र खिडकीजवळच्या आपल्या जागेवरून हलले नाहीत. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. त्याला काढून टाकता येत नाही आणि त्याच्याबरोबर धड कामही करता येत नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. सोन्याने कातडी काळी पडली म्हणून आठवड्यातून एक-दोघं तरी तक्रार घेऊन येतात. त्यावर सराफाचं उत्तर पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे: तुमच्या अंगात उष्णता आहे. गिऱ्हाइकाला ते पटतं. दोष दागिन्याचा नाही, सराफाचा नाही, आपलाही नाही. घरी जाऊन ताक प्यायचं, झालं. मामांना हे उत्तर मान्य नव्हतं. ते भरल्या दुकानात मोठ्याने सांगायचे, "ह्यात तांबं हाय."

काउंटरवरच्या मुलींना मी तांब्याचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलेलं होतं. इकडे मामांचा वर्ग सुरू व्हायचा. निव्वळ सोनं मऊ असतं, त्याची अंगठी चार दिवसांत वाकेल. म्हणून त्यात तांबं-चांदी घालावी लागते. घामातलं मीठ त्या तांब्या-चांदीला लागतं, ते काळं पडतं आणि कातडीवर उतरतं. अंगाला पावडर असली तर तिचे कण दागिना घासतात आणि घासून निघालेला भुगा काळाच दिसतो. एवढं सांगून झालं की शेवटचं वाक्य: "सोनं खोटं न्हाई, अन् तुमी बी खोटे न्हाई."

ऐन दसऱ्याला, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, ते एका शिक्षिकेला अर्धा तास विचारत बसले होते. साबण कोणता? भांडी स्वतः घासता का? लोणचं कालवताना अंगठी काढता का? नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास येतो का? त्या बाई अंगठी मोडून नवी करायला आल्या होत्या. मामांनी त्यांना अंगठी कोमट पाण्यात धुऊन, पुसून, बोट कोरडं करून घालायला सांगितलं आणि घरी पाठवलं. पुढच्या महिन्यात त्या बोट दाखवायला मुद्दाम आल्या. बोट स्वच्छ होतं. पेढे घेऊन आल्या होत्या. घेतलं काहीच नाही. मी कपाळाला हात लावला, आणि मामा पेढा खात म्हणाले, "धाकटे शेठ, बाईचं बोट बघितलं का? झकास!"

वडील गेल्यानंतरही मी त्यांच्यासाठी धाकटा शेठच राहिलो.

मग एका उन्हाळ्यात देवगाव फाट्याकडची एक मंडळी आली. सासू, मुलगा आणि नवी सून. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. त्या घराचं सगळं सोनं आमच्याकडचं, आणि त्यांच्या शब्दावर निम्मं गाव आमच्या दुकानात यायचं. सुनेच्या गळ्यातली चेनही आमचीच होती, तिच्या वडिलांनी लग्नात घातलेली. सासूने ती काचेवर टाकली आणि सुनेचा पदर बाजूला केला. चेन बसायची तिथे गळ्याभोवती करडा-काळा पट्टा होता.

सासूचं म्हणणं सरळ होतं. पोरीच्या बापाने खोटं सोनं घातलं आणि सराफाने त्याला साथ दिली. ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून मी जास्त घाबरलो. मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. सून खाली.

मी ठरवून टाकलं की वाद नको, चेन बदलून द्यायची. तसं म्हणणार तोच मामांनी चेन उचलली. नेहमीसारखी बाजूला सरकवली नाही. खिडकीशी नेऊन कडी-कडी बघितली. मीही जवळ गेलो. पिवळ्या चेनीवर ठिकठिकाणी पांढरे डाग होते, चांदी सांडल्यासारखे. तांब्याने असं होत नाही, एवढं मलाही कळत होतं.

मामा परत आले आणि सासूला ओलांडून सुनेला विचारलं, "माय, गळ्याला काय लावायलीस?"

काही लावत नाही, असं सासूनेच सांगितलं. मामा सुनेकडेच बघत राहिले. मी त्यांच्या वतीने माफी मागू लागलो. तेवढ्यात ती पोरगी अगदी हळू म्हणाली, "गोरं व्हायची क्रीम. आत्यानंच आणून दिली."

आत्या म्हणजे सासूच. पोरगी सावळी होती. लग्न ठरलं तेव्हा चाललं होतं, नंतर चालेना. बाजारातून नाव-गाव नसलेली एक डबी आणली होती, आणि ती सकाळ-संध्याकाळ चेहऱ्याला, गळ्याला लावायची असा घरचा नियम होता.

मामा म्हणाले, "पारा हाय त्यात."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांचे चुलते जिंतूरला पाऱ्याने सोन्याचा मुलामा चढवायचं काम करायचे. पारा लागला की सोनं असंच पांढरं पडतं. चुलत्यांचे हात शेवटी इतके कापायचे की चहाची बशी तोंडाला लागत नसे, आणि त्याआधी पाय सुजले होते, लघवी बिघडली होती. बोलता बोलता मामा थांबले आणि खाली वाकले. मला वाटलं, काही पडलं. ते सुनेच्या पायांकडे बघत होते. चपलेचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते.

"पाय कवापासून सुजायलेत, माय?"

आता मात्र माझा संयम संपला. भरल्या दुकानात, बड्या घरच्या सुनेचे पाय बघणारा कारागीर! सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, तुम्ही कारागीर आहात. डॉक्टर नाही."

"न्हाईच," मामा म्हणाले. मग सासूकडे वळले. "चेन खरी हाय. पोरगी आजारी हाय. ती क्रीम आजच बंद करा अन् हिची लघवी तपासून घ्या."

लघवी हा शब्द आमच्या काउंटरवर त्याआधी कोणी उच्चारला नव्हता. सासू उठली. चेन तिथेच राहिली, आणि मंडळी बाहेर पडली.

त्या दिवशी मी मामांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. वडिलांचं नाव काढलं, वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. मामांनी चेन एका काचेच्या बाटलीत घालून झाकण लावलं, बाकीच्या सोन्याला लागू नये म्हणून. हात धुतले. मग पोरीच्या वडिलांचा नंबर मागितला. मी दिला नाही. दोन घरांत भांडण लावायचं आहे का, म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची जागा रिकामी होती. रजा नाही, निरोप नाही. मामा एसटीने पोरीच्या माहेरी गेले होते. गावाचं नाव त्यांना चेनीच्या जुन्या पावतीवर सापडलं होतं. ऊन मी म्हणत होतं आणि हा माणूस फाट्यावरून चालत गेला.

पोरीचे वडील तिला घेऊन आले आणि परभणीला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मूत्रपिंडांना इजा झाली होती. क्रीम बंद करायची आणि औषध घ्यायचं. उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे मला पुढे तिच्या वडिलांकडून कळलं. मामांनी मला एका शब्दाने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायची लाज वाटत होती आणि त्या लाजेचाही राग येत होता.

आमच्या सोन्यावर पांढरे डाग पडतात, अशी सासूच्या गावात आवई उठली. दोन लग्नसराया तिकडून कोणी फिरकलं नाही. मामांना त्याचं काही नव्हतं. उलट आता ते प्रत्येक नवरीला हाताबरोबर डबीबद्दलही विचारू लागले. आया रागावून उठायच्या. मी आत जाऊन बसायचो.

दोन महिन्यांपूर्वी, ऐन थंडीत मामा येलदरीला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. दोन दिवसांचा ताप. शेवटची रजाही त्यांनी मला न विचारताच घेतली.

परवा दुपारी ती पोरगी दुकानात आली. मी आधी ओळखलं नाही. गळा स्वच्छ होता, पाय हलके होते, कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी. नवराही होता, या वेळी तिच्या शेजारी उभा. आता ती दोघं सेलूला वेगळी राहतात. मी बाटलीतल्या चेनीचा विषय काढला, पण ती त्यासाठी आली नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मामांचा फोन यायचा, ती म्हणाली. तपासणी केली का, एवढंच विचारायचे आणि ठेवून द्यायचे. बाळंतपणातसुद्धा चुकलं नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"दोन महिने झाले, फोनच न्हाई," ती म्हणाली. "म्हणून आलो. हिचे कान बी त्यांनाच टोचू द्यायचे होते."

म्हणजे हेही सांगायचं काम मामांनी माझ्यावरच टाकलं होतं. मी सांगितलं. ती खिडकीकडे बघत उभी राहिली. नवऱ्याने बाळ स्वतःकडे घेतलं.

शेजारच्या दुकानातून कारागीर बोलावू का, असं मी विचारलं. हलक्या हाताचा आहे, म्हणालो. तिने मान हलवली.

"आज नको."

मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो. तसा मी कोणाला पोचवायला जात नाही. तान्ही पोरगी बापाच्या खांद्यावर डोकं टाकून माझ्याकडे बघत होती. सावळी, आईसारखी. कान अजून कोरे होते.