आधीच उधळलेला गुलाल

बीडच्या बसस्टँडमागे, दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासमध्ये सुग्रीव सर स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकवतात. मंगळवार वाक्प्रचारांचा. त्या मंगळवारी फळ्यावर 'पेंट द टाउन रेड' होतं.

"अर्थ लिहा. बाहेर पडून धुमधडाक्यात आनंद साजरा करणे. शब्दशः घेऊ नका, कुणी भिंती रंगवत नाही."

"सर, वाक्यात उपयोग?" मागच्या बाकावरून आतिफनं विचारलं.

"निकाल लागला आणि मित्रांनी 'पेंटेड द टाउन रेड'."

"म्हंजी गुलालच की सर."

"न्हाई. हे माणूस स्वतःच्या मर्जीनं करतो. गुलाल गाव उधळतं, आपण फक्त डोळे मिटायचे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. या विषयात त्यांना अनुभव होता.

दोन वर्षांपूर्वी लिपिकपदाच्या तात्पुरत्या निवड यादीत त्यांचं नाव आलं होतं. 'तात्पुरती' हा शब्द वर ठळक छापलेला होता. पण नेकनूरजवळच्या त्यांच्या गावात यादीत फक्त नाव शोधतात. संध्याकाळपर्यंत डीजे आला, जेसीबीतून फुलं पडली, फेटा, शाल, नारळ झालं, वेशीत फ्लेक्स लागला. अकरा दिवसांनी हरकती ऐकून सुधारित यादी निघाली. तिच्यात सर नव्हते. ती गावात कुणी उघडली नाही. मिरवणूक निघालेला निकाल परत कोण तपासतो? सरांनी ठरवलं, आधी फ्लेक्स उतरू दे, मग सांगू. फ्लेक्स पुढच्या उन्हाळ्यात वावटळीनं उतरवला. तोवर सर रोज सकाळच्या एसटीनं 'ऑफिसला' जात होते. खरं काय ते एकट्या मोहिनीला, त्यांच्या बायकोला, माहीत होतं.

त्या मंगळवारी तास चालू असतानाच मोबाइलवर दुसऱ्या एका भरतीची यादी आली. वयाच्या अटीत बसणारी त्यांची शेवटची भरती. सरांनी स्वतःचं नाव पाहिलं, मग वडिलांचं, मग जन्मतारीख. वर 'अंतिम' लिहिलंय हे दोनदा वाचलं. मोबाइल पालथा ठेवला आणि पुढचा वाक्प्रचार लिहायला घेतला.

दुपारी मोहिनीला फोन लावला.

"आलं नाव. अंतिम हाय."

मोहिनीनं विचारलं, "सांगायचं कुणाला?"

"तेच तर."

"हजर कधी व्हायचं?"

"आदेश निघाल्यावर. महिना लागंल."

"मंजी डबा हाय तसाच."

"हाय तसाच."

संध्याकाळी त्यांनी पावशेर पेढे घेतले. त्यांच्या आई चतुराबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"कशाचे रे?"

सर थोडा वेळ बुटाची लेस सोडत राहिले. "प्रमोशन झालं."

"दोनच वर्सांत? थांब, शेजारच्या नाथाला सांगते, गुलाल आणंल."

"नको. प्रमोशनला गुलाल नसतो."

"नसंना का." त्यांनी पेढा देवापुढं ठेवला, दुसरा तोंडात टाकला. "पर आता तरी तुजी खुर्ची दाव मला. दर येळी सायब रागावतो म्हणतूस."

आता आनंद व्हायला हवा, असं सरांच्या ध्यानात आलं. तो काही झाला नाही.

"दावतो," ते म्हणाले. "पुढल्या महिन्यात. सकाळच्या एसटीनं जाऊ."