पोरीची तहान
दादासो खरात जतजवळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन बारीक पिशव्यांत भरतात, पिशवी पेशीच्या कडेला चिकटून उघडते आणि इन्सुलिन रक्तात सुटतं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

त्या उन्हाळ्यात त्यांची स्वप्नाली तांब्यावर तांबे पाणी पिऊ लागली, वाळू लागली. बायको अंजना म्हणाली, "आवं, पोरीला डाक्टरला दावा."

"ऊन लय हाय, दुसरं काय न्हाई," ते म्हणाले.

महिन्याभरात पोर बेशुद्ध पडली. सांगलीला नेलं. मधुमेह निघाला. इन्सुलिन बनवणाऱ्या बहुतेक पेशी मेल्या होत्या. डॉक्टर समजावू लागले, तसे दादासो पुटपुटले, "ठाऊक आहे मला."

स्वप्नाली वाचली. रोज स्वतःच इंजेक्शन घेते. अंजना एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटतं.