न प्यालेल्या यांगोनाचे खवले

आमच्या बेटावरच्या गावात यांगोना पिणाऱ्याला लपून राहता येत नाही. त्या झाडाच्या मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं मळकट पाणी वर्षानुवर्षं ढोसलं की कातडी कोरडी पडते, पांढरे खवले सुटतात. पिणं सोडलं की कातडी पुन्हा नितळ. हे इथल्या पोराबाळांनाही ठाऊक. म्हणूनच पेनायाचे कोपर आणि पोटऱ्या खवल्यांनी भरल्या, तेव्हा त्याला कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं.

पेनाया माझा शेजारी. आमच्या चर्चला यांगोना वर्ज्य, आणि तिथे रविवारी उपदेश करायचा मान त्याचा. बाप पिण्यापायी वाया गेलेला पाहिल्यामुळे या माणसाने कधी वाटी ओठाला लावली नव्हती.

चर्चमधले वडीलधारे लासारो त्याला म्हणाले, "महिनाभर सोड. कातडी साफ झाली की ये परत उपदेशाला."

"मामा, जे धरलंच नाही ते सोडू कसं?"

"सगळे असंच म्हणतात, बाळा."

शहरातल्या दवाखान्यात नर्सने त्याला नीट समजावलं. हा सोरायसिस. शरीर घाईघाईने नवी कातडी बनवत सुटतं, जुनीचा थर साचतो. दुसऱ्याला लागत नाही. मलमाने दबतो, पण मुळातून जात नाही. काळजी वाढली की उसळतो. पेनायाने हे सगळं चर्चमध्ये उभं राहून सांगितलं. माझ्या मागची बाई कुजबुजली, "नाव तरी झकास शोधलंय."

महिना सरला. खवले जागचे हलले नाहीत, उलट मानेवर चढले. पेनाया खोटं बोलतो हे सिद्ध झालं. उपदेशाचा मान लासारोंच्या जावयाकडे गेला. पेनायाच्या बाकावर कोणी बसेना, त्याच्या घरून आलेला उकडलेला कसावा कंद चर्चच्या जेवणावळीत तसाच उरू लागला.

एका संध्याकाळी मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला अंगणात गेले. समोरच्या तेविताच्या पडवीत पिणाऱ्यांची बैठक जमली होती आणि पायरीशी पेनाया उभा होता.

"या उपदेशक, फार उशीर केलात," तेविता म्हणाला आणि सरकून त्याने जागा दिली. त्याच्या स्वतःच्या हातांवर तसेच खवले.

सगळ्यांची एकच वाटी. ती पेनायाच्या हातात आली. त्याने रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली, एका दमात प्याला आणि कडवटपणाने तोंड वाकडं केलं.

"पहिल्यांदाच पितोय असं तोंड करतोय बघा," कोणीतरी म्हणालं.

"पहिल्यांदाच पितोय," पेनाया म्हणाला.

पडवी हसून लोटपोट झाली. न पुसताच ती वाटी पुढच्याने घेतली.