मांडीखालचे हात

सव्वानऊला शेअर बाजार उघडला की अप्पा दोन्ही तळवे मांड्यांखाली घालून बसायचे. समोरच्या स्क्रीनवर भावाच्या लाल-हिरव्या कँडल हलू लागलेल्या, आणि हा पासष्टीचा गृहस्थ शाळेत शिक्षा झाल्यासारखा स्वतःच्याच हातांवर बसलेला. आपण काही विचारायला तोंड उघडलं, की मान न वळवता म्हणायचे, "सुम्ने कुंद्री."

अप्पा मूळचे उदगीरचे. त्यांच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढली जाई. 'सुम्ने कुंद्री' म्हणजे गप बसा. लातुरात त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत जो कोणी भाव वाचायला शिकायला गेला, त्याने पहिला धडा म्हणून हे दोन शब्द ऐकलेत. तुमच्यापैकी कोणी तिथे जाऊन आला असेल, तर वाचता वाचता त्याचा हात मांडीकडे गेला असेल बघा.

मी तेव्हा लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. सकाळचे तास नऊला आटपायचे आणि मी थेट अप्पांकडे जायचे. नवरा नोकरीला नांदेडला, सासूबाई आणि मुलगीही तिथेच. शुक्रवारी दुपारी बस धरून घरी जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत निघायचं. सुरुवातीला मुलगी दारापर्यंत यायची. मग मी निघाले तरी टीव्हीवरून मान वळवेनाशी झाली. ते मला फार लागलं. तेव्हाच ठरवलं, ट्रेडिंग शिकायचं, नोकरी सोडायची आणि नांदेडला घरी बसून कमवायचं.

अप्पांच्या चार्टवर भाव सोडून काही नसे. एक औषध दुकानदार मोठ्या हौसेनं आपला लॅपटॉप घेऊन आला होता. त्याच्या चार्टवर इतक्या रंगांच्या रेषा, की मधला भाव शोधावा लागत होता. अप्पांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"लगीन हाय का कुणाचं? येवढी झालर कशाला?" आणि एकेक करून सगळ्या रेषा पुसायला लावल्या. "भाव काय करून राहिला त्ये बघा. आधी कुठून वळला, तिथं पुन्हा आल्यावर काय करतो, त्ये बघा. बस."

मी शिकवणारी बाई, मला नियम हवे असत. नक्की कधी घ्यायचं, कधी नाही, ते एकदा लिहून द्या म्हणून मी त्यांच्या मागे लागले. अप्पा म्हणाले, "भाकर कवा उलटायची त्ये आईनं लिहून दिलतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग? करपल्या असतील चार. शिकलाव का न्हाई?"

स्वतः सौदा करताना त्यांचा उजवा हात हळूच बाहेर यायचा. भाव कुठे गेला की चुकलो म्हणायचं, ती जागा आधी नोंदवायचा, मग क्लिक, आणि पुन्हा मांडीखाली. भाव उलटा गेला की "चुकलं आपलं" म्हणून बाहेर. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. अकराला अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा आणायच्या. अप्पांचे हात अडकलेले. अक्का थोडा वेळ कप धरून उभ्या राहायच्या, मग तो खिडकीत ठेवून आम्हाला सांगायच्या, "ह्यान्ला गरम चहा म्हायतीच न्हाई."

वर्षभर मी बसले. बऱ्यापैकी शिकले असं मला वाटत होतं. एका सोमवारी अप्पांना सांगून टाकलं, "दिवाळीनंतर राजीनामा देते."

त्या शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर बाकीचे खाली गेले. मी दाराजवळची बॅग उचलणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, आजचा सौदा का केलाव?"

"आधी वळला होता त्या जागी भाव आला होता, अप्पा."

"आला नव्हता. येऊन राहिला होता. तुम्ही थांबला न्हाईत."

तो सौदा तोट्यात गेला होता.

"सोमवारी तुम्ही चांगल्या बसता. मंगळवारी बसता. शुक्करवारी ती बॅग दारात आली, की तुमचा हात मांडीखाली ऱ्हात न्हाई. लई दिवसांपासून बघून राहिलो मी."

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. वर्षभर मी चार्ट बघत होते आणि हे मला बघत होते.

"मला जमणार नाही, असं सरळ सांगा ना मग."

"व्हय. न्हाई जमणार." क्षणभरही न थांबता म्हणाले. मग आवाज खाली आला. "ज्याला घरी जायची घाई हाय, त्याला बाजार बसू देत न्हाई. तुम्हाला बाजार कुठं पायजे? तुम्हाला नांदेड पायजे. मग नांदेडला जावा की. बाजाराला कशाला मधी घालता?"

बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी रडले. लोह्यापर्यंत नुसता राग होता. असा कसा माणूस, वर्षभर शिकवतो आणि शेवटी नाही म्हणतो! नांदेडचे दिवे दिसू लागले तेव्हा मात्र छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत कोणीही मला नुसतं 'घरी जा' म्हणालं नव्हतं. मीही स्वतःला म्हणाले नव्हते.

पुढच्या जूनपासून मी नांदेडच्या एका शाळेत लागले. पगार कमी, वर्गात पोरं जास्त. आई रोज अभ्यास घेते, अशी मुलीची आता तक्रार असते. दिवाळीला अप्पांना फोन करायचे. ते विचारायचे, "घरीच हाव ना?" मी हो म्हटलं की खूश व्हायचे. "मग सुम्ने कुंद्री," म्हणून फोन ठेवायचे.

यंदा फोन तिकडून आला, सकाळी लवकर. मी लातूरला पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

खालच्या खोलीत अप्पांना बसवलं होतं. त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. बसवतात, आणि बसलेलाच मातीत ठेवतात. पाठ भिंतीला, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवलेले आणि डाव्या तळव्यात त्यांचं इष्टलिंग. बाजाराच्या वेळेत त्यांचे हात असे मोकळे मी पहिल्यांदाच पाहिले. लांब, नाजूक बोटं होती त्यांची. माझ्या ध्यानात ती कधी आलीच नव्हती.

मी दारातच उभी राहिले. आत जावं की नाही, कळेना. अक्कांनी मान वर केली.

"कुंद्री, मॅडम."

त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले. रडू येत होतं, पण मोठ्यानं रडावं असंही वाटेना. उठायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं, हाताला मुंग्या आल्या होत्या. माझे दोन्ही तळवे मांड्यांखाली होते.