किल्ल्यावर नेलेली पाटी

माझे हात मोकळे नव्हते. हे वाक्य मी हाडवैद्याला सांगितलं, पत्रातून सासऱ्यांना कळवलं, कचेरीत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला ऐकवलं. इतक्यांदा सांगितलं की पुढं माझाही त्यावर विश्वास बसत चालला. आता पन्नाशी जवळ आली, झाकून ठेवण्यासारखं फारसं उरलेलं नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पंचवीस सालच्या सुमारास माझी बदली रत्नागिरीच्या कचेरीत झाली. आम्ही साताऱ्याकडचे. लग्नाला दीड वर्ष झालेलं. मुंबईहून आगबोटीनं आलो. आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि उतारूंना पडावातून मांडवीच्या धक्क्यावर आणायचे. पडाव धक्क्याला टेकला तेव्हा लाटेबरोबर वरखाली होत होता. माझ्या दोन्ही हातांत पत्र्याची ट्रंक. तिच्यात माझे दाखले आणि नवा कोट. बायको मागून म्हणाली, "हात द्या." मी म्हणालो, "थांब, आधी ट्रंक." ट्रंक घ्यायला खलाशी हात पुढं करून उभा होता, हे मी कुणालाच सांगितलं नाही. कोटाला पाणी लागेल म्हणून मी त्याच्याकडे दिली नाही. ती थांबली नाही, की पडावानं तिला थांबू दिलं नाही, कोण जाणे. तिचा पाय पडाव आणि धक्क्याचा दगड यांच्यामध्ये सापडला.

हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला. ती मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त उठताबसताना मी आधार द्यायला गेलो की शांतपणे म्हणायची, "हात लावू नका." यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी जास्त सुखी झालो असतो.

झाडगावात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. वर्षभर तिनं खळ्याबाहेर, म्हणजे अंगणाबाहेर, पाऊल टाकलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही तिला चल म्हणालो नाही. तिच्या बरोबरीनं रस्त्यानं चालायचं, लोक आधी तिच्या पायाकडे बघणार आणि मग माझ्याकडे, ते मला नको होतं. वैद्य सांगत होता, चालवा, नाहीतर पाय सुकेल. मी मान डोलवायचो आणि कचेरीत निघून जायचो.

आमच्याकडे एक कोळीण डोक्यावर माशांची पाटी घेऊन यायची. मांडवीजवळ राहायची. पन्नाशीची, बारीक, दातांत सदा मिश्री. मानेत कळ येऊ लागल्यानं तिचा पाटीचा फेरा बंद झाला होता, तरी सवयीनं यायची आणि खळ्याच्या पायरीवर टेकायची. माझ्या मनात आलं, हिलाच महिन्यानं ठरवावं. रोज संध्याकाळी बायकोला घेऊन थोडं फिरवून आणायचं. मला मोठी युक्ती सुचल्यासारखं वाटलं. नवऱ्यानं करायचं काम मी पगारी माणसावर टाकत होतो, हे तेव्हा मनाशीसुद्धा म्हटलं नाही.

कोळणीनं विचारलं, "भाऊ, तुमी काय करनार सांच्याला?"

"मला कचेरीचं काम असतं."

"सांच्याला?"

"असतं कधी कधी."

"बरा," ती म्हणाली आणि बायकोकडे वळली. "चल गो बाय. आज त्या विहिरीपातूर."

पहिल्या दिवशी खरंच विहिरीपर्यंतच नेलं. विहीर घरापासून पन्नास पावलांवर. दुसऱ्या दिवशी शेजारच्या माडांच्या आगराच्या गडग्यापर्यंत. गडगा म्हणजे नुसते जांभे दगड रचून केलेली भिंत. त्याला टेकून दोघी अर्धा तास उभ्या. मला वाटलं, ही बाई पैसे घेऊन आळस करते आहे. मग बायकोनं समजावलं. डोक्यावर भरलेली पाटी असली की बाईला ती एकटीनं उतरवता येत नाही की चढवता येत नाही. कुणाला तरी म्हणावं लागतं, "वायच पाटीला हात लावा." वायच म्हणजे जरासा. रस्ता ओस असला तर? तर छातीइतक्या उंचीची भिंत लागते, जिच्यावर पाटी सरकवावी आणि दम खाऊन पुन्हा तिथूनच डोक्यावर ओढावी. तीस वर्षं फिरून फिरून कोळणीला गावातली अशी एकूण एक भिंत पाठ होती. कुठला गडगा डुगडुगतो, कुठल्या कट्ट्यावर कुत्रं झोपतं, कुठल्या भिंतीला दुपारी चारनंतर सावली. "ओझा डोक्यावर असू दे नायतर पायात," ती म्हणायची, "टेकायची जागा म्हाईत असली की मानूस कुठंय जातो."

तर माझ्या बायकोनं रत्नागिरी पाहिली ती अशी, एका टेकण्यापासून दुसऱ्या टेकण्यापर्यंत. मी दीड वर्षात घर ते कचेरी एवढाच रस्ता तुडवला होता. ती रोज रात्री जेवताना गाव वाढायची. पाखाडीवरचा, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरचा, शिंपी उसवताना गातो आणि शिवताना गप्प असतो. एक म्हातारी पाटीत हात घालून प्रत्येक बांगडा दाबून बघते आणि शेवटी सुकट घेते. अमक्या घराच्या बेड्याला, म्हणजे कुंपणातल्या आडव्या बांबूंच्या फाटकाला, तीनच बांबू आहेत, चौथा जावई ओढून घेऊन गेला. हसायला लागली होती ती. "मावशी असं म्हणाली, मावशी तसं म्हणाली." मला बरं वाटायचं आणि कुठंतरी खुपायचंही. ज्या गावानं तिचा पाय घेतला ते तिचं होत चाललं होतं, आणि मी मात्र भाडेकरूच राहिलो होतो.

पावसाळ्यात फिरणं थांबलं. समुद्राला नारळ पडला तशा दोघी पुन्हा बाहेर पडल्या आणि आठवडाभरात थेट मांडवीपर्यंत पोचल्या. मला ठाऊक नव्हतं.

मी त्या संध्याकाळी धक्क्यावरच होतो. कचेरीत नव्यानं बदलून आलेले तिघे बरोबर, हातात शेंगांच्या पुड्या. कचेरीचं काम ते हे. आमचे अव्वल कारकून एकदम म्हणाले, "ती लंगडत येतेय ती कोण हो? चेहरा कसा तरतरीत आहे, आणि पाय बघा. अरेरे."

मी पाहिलं. ती होती. तीसेक पावलांवर, एका हातात सुकलेल्या माडाची काठी, आता तोंड समुद्राकडे. दोन वर्षांनी ती त्या दगडाजवळ आली होती.

"असेल कुणी गावातली," मी म्हणालो.

"वायच पाटीला हात लावा, भाऊ."

कोळीण माझ्या पाठीमागेच उभी होती. कुणा ओळखीच्या बाईची पाटी भिंतीवर होती, ती चढवायला माणूस शोधत होती. माझं वाक्य तिनं ऐकलं होतं. मी शेंगांकडे पाहत राहिलो. हाताला वास लागेल, लोक हसतील, असलं काहीतरी मनात होतं. अव्वल कारकुनांनी तिलाच विचारलं, "काय गो, ती बाई कोण?"

कोळणीनं माझ्याकडे पाहिलं. मी जागच्या जागी मेलो असतो तर बरं, असं वाटलं.

"गावातलीच हाय, साहेब," ती म्हणाली. "आमची हाय ती."

आणि दुसऱ्या कुणाला तरी हाक मारून तिनं पाटी चढवून घेतली.

त्या दिवसापासून ती मला भाऊ म्हणेनाशी झाली. साहेब म्हणू लागली. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात दारात उभं राहून तिनं सांगितलं, "साहेब, बायला किल्ल्यावर भगवतीला नेतंय. डोलीतना नाय. पायानं. तुमी यायचा असंल तर या, नायतर गावातल्या बायका हायत."

आतून बायको म्हणाली, "मी पायानंच जाणार आहे." तिच्या आवाजात असं काही होतं की जमेल का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पेठेपासून किल्ल्याचा चढ धडधाकट माणसाचाही दम काढतो. ती वर पोचली तर पुन्हा कधी खळ्यात कोंडून बसणार नाही, आणि अर्ध्यातून परतली तर पुन्हा बाहेर पडणार नाही, हे मला दिसत होतं. आणि मी बरोबर गेलो नाही, तर ती वर पोचो न पोचो, मी कायमचा धक्क्यावरच राहणार, हेही.

जायच्या आदल्या संध्याकाळी ती कंदिलाची काच पुसत होती. मी सगळं सांगितलं. ट्रंक, कोट, हात पुढं करून उभा असलेला खलाशी. मांडवीवर काय म्हणालो तेही. ती काच पुसत राहिली. लख्ख झाली तरी पुसतच राहिली.

"खलाशाचं मला माहीत नव्हतं," ती अखेर म्हणाली. "मांडवीचंही नाही. तुम्ही माझ्या बरोबरीनं चालत नाही, एवढं माहीत होतं." मग काच कंदिलावर बसवली. "उद्या मी पुढं चालेन. तुम्ही मागून या."

सकाळी लवकर निघालो. कोळीण आपली जुनी पाटी घेऊन आली होती, रिकामी. घासून धुतली होती, पण तीस वर्षांचा बांगडा एका धुण्यात जात नाही. तिनं ती माझ्यापुढं केली.

"ह्या चढाला भिंती नायत, साहेब. टेकायला कायच नाय. ही उपडी घातली की बाय बसंल. मान दुखतंय माजी, तुमी घ्या."

मी पाटी काखेत धरून पाहिली. चढावर ती आडवी येऊ लागली. शेवटी जशी घ्यायची असते तशीच डोक्यावर घेतली. नवरात्रातली गर्दी, सगळं गाव त्या वाटेवर. टोपीवर पाटी घेतलेला कचेरीतला कारकून लोकांनी याआधी पाहिला नसावा. एक बाई ओरडली, "काय मावशे, नवा गडी ठेवलास काय?"

"ठेवलाय," कोळीण म्हणाली. "सातारचा हाय. शिकवतंय."

पहिल्यांदा माझी बायको वळून हसली. मलाही हसू आलं, आणि हसल्यावर पाटीचं ओझं गेलंच.

पंधरा-वीस पावलं चढायची, मी पाटी उपडी घालायची, तिनं बसायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा उठायचं. ऑक्टोबरचं ऊन कातळावरून वर येत होतं. तिच्या ओठावर घामाचे थेंब. एकदा आखूड पाय घसरला आणि मी पुढं झालो. "हात लावू नका," ती म्हणाली, पण या वेळी ते मला दूर ठेवायला नव्हतं. तिला स्वतःला उठून बघायचं होतं. उठली.

दरवाजाच्या अलीकडे आमचे अव्वल कारकून दर्शन घेऊन उतरत होते. थांबले. आधी पाटीकडे पाहिलं.

"हे काय हो?"

"बायकोला बसायला," मी म्हणालो.

त्या काळी चारचौघांत बायको म्हणत नसत. मंडळी म्हणत, घरातली म्हणत. माझ्या तोंडून शब्द निघाला तो असा उघडा निघाला.

"मांडवीला तुम्ही विचारलं होतंत, ती कोण," मी म्हणालो. "ही. माझी बायको. माझ्यामुळं पाय गेलाय तिचा. त्या दिवशी मी ओळख दिली नाही."

भले गृहस्थ होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि तिला वाकून नमस्कार केला. ती पाटीवर बसली होती, राणीसारखी. तिनंही हात जोडले.

मग शेवटचा टप्पा ती बसलीच नाही. मी दोनदा पाटी खाली ठेवली, दोनदा ती शेजारून निघून गेली. वर पोचली तेव्हा वारा एकदम आला आणि तिचा पदर उडाला. तिन्ही बाजूंना समुद्र. खाली मांडवीचा धक्का नखाएवढा. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "एवढासाच आहे की," म्हणाली. मग आत जाऊन तिनं ओटी भरली. बाहेर बायका जमल्या होत्या, शिंप्याची बायको, सुकट घेणारी म्हातारी, आणखी कितीतरी, सगळ्या तिला नावानं हाक मारणाऱ्या. कोळीण त्यांच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "पायानं आली. इचारा तिला. पायानं."

उतरायची वेळ झाली. आखूड पायाला चढापेक्षा उतार वाईट, हे मला तिथं कळलं. पहिल्या पायरीवर ती थबकली. खाली गर्दी, वर येणारी माणसं, सगळं गाव. तिनं माझ्याकडे न बघता हात बाजूला केला आणि कोळणीच्याच सुरात म्हणाली,

"वायच हात लावा."

मी हात धरला. भर दिवसा, नवरात्रात, भगवतीच्या पायऱ्यांवर. कुणी हसलं असेल तर ऐकलं नाही. आम्ही एक एक पायरी उतरत होतो. दहा-बारा पायऱ्या झाल्या असतील, तोच वरून कोळणीची हाक आली.

"ओ भाऊ, पाटी वरच ऱ्हायली माजी."

मी ऐकलं, पण परत फिरलो नाही. माझा हात मोकळा नव्हता.