धाकटीचा कोयता
तापलेल्या लोखंडावर ते गार करणारं कुलंट पडलं की जो ओलसर, करपट वास सुटतो, त्यानं मला हिंगोलीच्या आयटीआयची शेड आठवते. दिवाळी नुकतीच झाली होती, उन्हानं पत्रे कडकड वाजत होते आणि मी पहिल्यांदाच एकटीनं लेथवर सळई कातत होते. तेवढ्यात सेनगावकडच्या आमच्या तांड्यावरून बाप आला आणि चप्पल काढून दारातच उभा राहिला. "पोरीला न्यायला आलो, सर. उद्या ऊसतोडीला निघून राहिलो, एक कोयता कमी पडतो." सरांनी माझी सळई पुसून त्याच्या हातात दिली. बापानं तिच्यावरून हळूच अंगठा फिरवला. "हे तू केलं?" "व्हय, बा." त्यानं ती सळई माझ्या हातात ठेवली. मग म्हणाला, "ऱ्हा मग तू इथंच." मी आनंदानं रडले. माझ्या वाटचा कोयता धाकट्या बहिणीनं उचलला, हे सुट्टीत घरी गेल्यावर कळलं. ती आठवीत होती, गणितात माझ्याहून कितीतरी हुशार. ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. आता मी जर्मनीत एका कारखान्यात आहे. इथं सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना शिकतानाच पगार मिळतो, तरी कारागीर पुरत नाहीत म्हणून आमच्यासारख्यांना बोलावतात. परवा एकीला मायक्रोमीटर धरायला शिकवताना माझ्या तोंडून बहिणीचंच नाव गेलं, आणि त्या पोरीनं ओ दिली.